पॉझिटिव्ह मित्राची धास्ती आणि 'क्लीन' पाहुण्यावरचा विश्वास

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुरुष, वय सत्तावीस, गाव डिचोली तालुक्यातलं, नोकरी कळंगुटच्या एका हॉटेलात. दीड वर्षापासून एका मित्राशी प्रेमसंबंध. मित्राने मागच्या महिन्यात सांगितलं की तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, तीन वर्षं गोळ्या घेतो आणि त्याच्या रक्तात आता विषाणू सापडत नाही. दोघांमध्ये कंडोम कधी वापरला गेला, कधी नाही. आता झोप लागत नाही, मित्राचा कपसुद्धा वेगळा ठेवला जातो. जाता जाता एक ओळ अशीही लिहिली आहे की दहा दिवसांपूर्वी ॲपवर ओळख झालेल्या, हणजुणेत उतरलेल्या एका पाहुण्याबरोबर कंडोम फाटला, 'पण तो क्लीन आहे म्हणाला, म्हणून तिकडचं टेन्शन नाही.' चाचणी केलेली नाही, कारण गावच्या आरोग्य केंद्रात मावशी नर्स आहे. घरी स्थळं बघणं सुरू आहे.

तुम्ही मित्राबद्दल पानभर लिहिलंत आणि पाहुण्याबद्दल एक ओळ. मी उलट करणार आहे. त्वचा आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत इतकी वर्षं बसल्यावर एवढं नक्की कळलं आहे की माणसं ज्याला घाबरतात तिथे बहुतेक वेळा विषाणू नसतो, आणि जिथे असू शकतो तिथे ती निर्धास्त असतात. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं आहे.

आधी पाहुणा. त्या रात्री तुम्ही बॉटम, म्हणजे गुदसंभोगात आत घेणारे होतात आणि कंडोम फाटल्याचं नंतर लक्षात आलं, असं तुम्ही लिहिलं आहे. हे तपशील महत्त्वाचे आहेत, ते सांगायला संकोच केला नाहीत हे बरं झालं. एचआयव्ही वीर्यात असतो, वीर्याआधी येणाऱ्या पातळ स्रावात असतो, रक्तात असतो आणि गुदाशयाच्या आतल्या स्रावातही असतो. गुदाशयाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. तोंडाच्या आत किंवा योनीत असे अनेक थर असतात, तिथे विषाणूला वाट काढावी लागते. गुदाशयात त्या एका थराच्या लगेच खाली सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते, आणि विषाणूला हव्या असतात त्या नेमक्या याच पेशी. त्यातून घर्षणाने बारीक चिरा पडतात, त्या दुखत नाहीत, रक्तही दिसेलच असं नाही. म्हणून सगळ्या लैंगिक क्रियांमध्ये कंडोमशिवाय बॉटम असण्याची जोखीम सर्वांत जास्त. समोरचा पॉझिटिव्ह असेल आणि उपचारावर नसेल, तर अशा दहा हजार संबंधांमागे सरासरी १३८ वेळा संसर्ग होतो, म्हणजे साधारण बहात्तरात एक. टॉपसाठी, म्हणजे आत शिरणाऱ्यासाठी, तोच आकडा दहा हजारांत ११. टॉपला जोखीम नाही हा समज त्यामुळे खोटा ठरतो. लघवीचं छिद्र आणि शिश्नावरच्या कातडीची आतली बाजू ही त्याच्यासाठी विषाणूची वाट असते. तोंडाने केलेल्या संबंधात एचआयव्हीची जोखीम इतकी कमी आहे की तिचा नीट आकडा काढता आलेला नाही. तोंडात जखम असेल तर थोडी वाढते, इतकंच. सिफिलिस आणि गनोरिया हे गुप्तरोग मात्र तोंडाच्या वाटेने बिनदिक्कत जातात.

हे आकडे सरासरी आहेत हे विसरू नका. तो पाहुणा पॉझिटिव्ह होता की नाही हेच आपल्याला माहीत नाही, म्हणून तुमची खरी जोखीम बहात्तरात एकपेक्षा बरीच कमी असण्याची शक्यता जास्त आहे. पण सरासरीत एक गोष्ट झाकली जाते. ज्याला नुकताच संसर्ग झाला आहे त्याच्या रक्तात आणि वीर्यात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचा पूर आलेला असतो. त्याच काळात साधी अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. तो माणूस दिसायला तंदुरुस्त असतो, जिमला जातो, आणि मोबाइलवरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवतो तेव्हा खोटंही बोलत नसतो. 'क्लीन' या शब्दाला म्हणून मी शून्य गुण देते. शेवटची चाचणी कोणत्या महिन्यात झाली आणि त्यानंतर कोणाबरोबर काय झालं, एवढ्या दोन गोष्टींना अर्थ आहे.

त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही आला असतात तर मी तुम्हाला पेप सुरू केलं असतं. संसर्गाची शक्यता घडून गेल्यावर घ्यायची ही औषधं. ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस रोज घ्यायची. ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे. बाराव्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा कितीतरी कामाची, कारण विषाणू अस्तरातून लसिकाग्रंथींत पोचून मुक्काम करायच्या आत त्याला अडवायचं असतं. आपल्याकडे सध्या त्यासाठी टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली गोळी वापरतात. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. तरीही इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण कंडोम पुन्हा कधीतरी फाटेल, किंवा तुमच्या एखाद्या मित्राचा फाटेल. तेव्हा रविवार आहे, चवथ आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत असली कारणं सांगत बसायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि 'एचआयव्हीचा पेप हवा आहे, अमुक तासांपूर्वी संबंध झाला' असं सरळ म्हणायचं. तिथे टोलवाटोलवी झाली तर वाद घालण्यात रात्र घालवू नका. खासगी डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन औषध दुकानातून घ्या, पण पहिली गोळी पोटात जाऊ द्या. आणखी एक, संबंधानंतर आतून पाण्याचा एनिमा घेऊ नका, साबण तर नकोच. त्याने काही धुऊन जात नाही, अस्तर मात्र आणखी सोलवटतं.

आता दहाव्या दिवशी काय करायचं? एक चाचणी याच आठवड्यात करा. या चाचणीतून हणजुणच्या रात्रीचा निकाल कळणार नाही, त्याआधीचा कळेल. दीड वर्षाचा हिशेब आहे आणि तुम्ही कधीच चाचणी केलेली नाही, म्हणून ती हवी. त्या रात्रीसाठी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची, म्हणजे अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी चाचणी ४५ दिवसांनी भरवशाची होते. बोटाला टोचून होणारी साधी रॅपिड चाचणी असेल तर ९० दिवस धरा. लॅबमध्ये 'एचआयव्ही टेस्ट करा' एवढंच सांगू नका, कोणत्या पिढीची ते विचारा. कुठल्याही एका लॅबचा पॉझिटिव्ह कागद हाती आला तर तो अंतिम समजू नका. सरकारी केंद्रात निदान पक्कं करताना तीन वेगवेगळ्या किट वापरतात, त्यानंतरच पॉझिटिव्ह म्हणतात.

संसर्ग झाला असेल तर पुढच्या एक ते तीन आठवड्यांत ताप, घसा दुखणं, मानेतल्या गाठी, अंगावर पुरळ असं काही होऊ शकतं. सगळ्यांनाच होत नाही. गोव्यात पावसाळ्यात कुणालाही ताप आला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो इतकंच सुचतं. प्लेटलेट बघतात, दोन दिवसांत ताप उतरतो आणि विषय संपतो. तुम्हाला या काळात ताप आला तर डॉक्टरला संबंध झाल्याचं सांगा आणि विषाणूच थेट मोजणारी, म्हणजे आरएनए चाचणी करता येईल का ते विचारा. ताप आला म्हणजे एचआयव्ही झालाच, असं मात्र मुळीच नाही. तुम्ही रात्री दोन वाजता इंटरनेटवर पुरळाचे फोटो बघत बसणार हे मला माहीत आहे. त्यातून काहीही कळत नाही, नुसती झोप जाते.

निकाल लागेपर्यंत कंडोमशिवाय संबंध नकोत. आणि रक्तदान नको. हॉटेलात किंवा देवळाच्या मंडळात शिबिर असतं, तिथे रक्त दिलं की फुकट चाचणी होते असा हिशेब काही मुलं करतात. संसर्ग ताजा असेल तर रक्तपेढीतल्या चाचणीतूनही तो निसटू शकतो, आणि ते रक्त कुणाच्या तरी शरीरात जातं.

त्याच भेटीत सिफिलिसची रक्तचाचणी, हेपॅटायटिस बी आणि सी, आणि जमलं तर गुदद्वारातून आणि घशातून गनोरिया-क्लॅमिडियासाठी स्वॅब करून घ्या. गुदाशयातल्या गनोरियाला बहुतेक वेळा काहीही लक्षण नसतं. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, आत असेल तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, म्हणून लोक ती बरी झाली समजतात. अशा जखमा आणि सूज असली की एचआयव्हीला आत जायला वाट रुंद होते, आणि बाहेर पडायलाही. हेपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर पहिला डोस तिथेच घ्या. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

मावशीचा प्रश्न खरा आहे. गोवा लहान आहे. कदंबाच्या बसमध्ये बाजूला बसलेला माणूस तुमच्या काकांचा वर्गमित्र निघतो. पण चाचणी आपल्याच तालुक्यात करावी असा नियम कुठेही नाही. एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात आहे, म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयातही आहे. तिथे पैसे लागत नाहीत. कळंगुटहून म्हापसा जवळ पडेल. ओळखीची भीती असेल तर मडगावला जा, तासाभराचा प्रवास आहे. केंद्रात चाचणीआधी समुपदेशक बोलतो. पुरुषांशी संबंध आहेत हे त्याला सांगा, नाहीतर तो तुम्हाला भलत्याच सूचना देईल. कुठे जायचं हे आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

या भीतीला गोव्यात इतिहासही आहे, तो तुमच्या पिढीला माहीत नसतो. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून पोलिसांनी उचललं आणि दोन महिन्यांहून अधिक काळ पहाऱ्यात एकटं कोंडून ठेवलं. तेव्हा गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदाच तशी मुभा देत होता. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण कायदा टिकला. डॉमिनिकने नंतर 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. कळंगुटच्या बाजूलाच असलेल्या पर्रा गावचा तो. जुन्या माणसांच्या मनात 'एचआयव्ही म्हणजे पोलीस जीप' हे चित्र तिथून आलं आहे.

आजचा कायदा बरोबर उलट आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल इतरांना सांगता येत नाही, आणि नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. मावशीने घरी जाऊन बोललं तर तो कायद्याचा भंग ठरतो. अर्थात कायदा आहे म्हणून मावशी गप्प राहील असं मी म्हणत नाही, म्हणूनच मडगाव सुचवते आहे. एक अपवाद लक्षात ठेवा, कारण हॉटेलातली बरीच मुलं पुढे आखातात जायच्या तयारीत असतात: तिथल्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही चाचणी असते आणि पॉझिटिव्ह आलं की माणूस अपात्र ठरतो. आयुष्यातली पहिली चाचणी एजंटाच्या दारात होऊ देऊ नका.

आता तुमचा मित्र. तो नियमित गोळ्या घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नसेल, तर त्याच्याकडून तुम्हाला लैंगिक संबंधातून एचआयव्ही होण्याची शक्यता शून्य आहे. जवळजवळ शून्य, नगण्य, असं काही म्हणत नाही. शून्य. हे कुणाचं मत म्हणून सांगत नाही. युरोपातल्या 'पार्टनर' या अभ्यासाचा दुसरा टप्पा २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात ७८२ पुरुष जोडपी होती, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह आणि उपचारावर, एक निगेटिव्ह. त्यांच्यात कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा गुदसंभोग झाला. पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकही संसर्ग झाला नाही. मला मात्र त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. त्या काळात पंधरा निगेटिव्ह पुरुषांना एचआयव्ही झाला. विषाणूंची जनुकीय जुळणी केली तेव्हा एकाचाही विषाणू त्याच्या जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही. सगळे बाहेरून आले होते. तुमच्या पत्रातला मित्र आणि तुमच्या पत्रातला पाहुणा, दोघे त्या निकालात आहेत.

असं का होतं? गोळ्या विषाणूला नवी पिलावळ करू देत नाहीत. रक्तात तो उरला नाही की वीर्यातही संसर्ग करण्याइतका उरत नाही. काही पेशींमध्ये तो झोपून राहतो, म्हणून गोळ्या बंद करता येत नाहीत. बंद केल्या की काही आठवड्यांत पुन्हा उसळतो. म्हणून मित्राला दोन गोष्टी विचारा, आरोपीसारख्या नाहीत. शेवटचा व्हायरल लोड कधी झाला आणि किती आला? मिलीलिटरला २०० पेक्षा कमी असेल तर झालं. बऱ्याच रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असंच लिहिलेलं असतं. आणि मधे कधी गोळ्या सुटल्या का? सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रात, गोळ्या मोफत मिळतात, २०१७ पासून निदान होताच, सीडी४ पेशींचा आकडा कितीही असला तरी उपचार सुरू करतात, आणि स्थिर झालेल्या रुग्णाचा व्हायरल लोड वर्षातून एकदा तपासतात. तो जिमला जातो असं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते, कॅल्शियम, लोह, झिंक असलेल्या गोळ्या आणि पोटातल्या आम्लावरची पातळ औषधं डोलुटेग्राविरला आतड्यात बांधून ठेवतात. गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. ही साधी गोष्ट बऱ्याच पोरांना कुणी सांगितलेली नसते.

त्याने दीड वर्ष सांगितलं नाही याचा तुम्हाला राग आहे. तो राग तुमचा आहे, मी त्यात पडत नाही. फक्त एवढं बघा की त्याने रोज एक गोळी घेऊन दीड वर्ष तुमचं रक्षण केलं आहे आणि शेवटी तोंड उघडलं आहे. कप वेगळा ठेवणं आजच थांबवा. कप, ताट, टॉवेल, संडास, डास, चुंबन यातलं काहीही एचआयव्ही देत नाही, आणि त्याच्याकडून तर संबंधातूनही तो येत नाही. दोघांत कंडोम वापरायचा की नाही हे तुम्ही दोघं ठरवा. सिफिलिस आणि बाकीच्यांसाठी तो उपयोगी आहेच. पण हणजुणच्या रात्रीचे निकाल येईपर्यंत कंडोम वापरा. या वेळी तो मित्राच्या संरक्षणासाठी आहे, कारण तुम्ही सिफिलिस किंवा गनोरिया घेऊन आला असू शकता. त्याला त्या रात्रीबद्दल सांगावं लागेल. अवघड आहे, पण त्याने तुम्हाला सांगितलं त्याहून अवघड नाही.

कंडोम का फाटला? तुम्ही खोबरेल तेल लिहिलं आहे, तर उत्तर तिथेच आहे. लॅटेक्स आणि तेल यांचं वैर आहे. खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन, मसाजचं तेल, कशानेही रबर काही मिनिटांत अशक्त होतं. गोव्यात घराघरात खोबरेल हाताशी असतं, म्हणून हे आमच्याकडे नेहमीचं आहे. औषध दुकानात पाण्यावर आधारलेली जेली मिळते, ती भरपूर घ्यायची. थुंकी पुरत नाही, ती मिनिटभरात वाळते. सिलिकॉनची जेलीही चालते. दोन कंडोम एकावर एक घालू नयेत, एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. टोकातली हवा चिमटीत धरून काढायची. आणि स्कूटरच्या डिकीत महिनोन् महिने पडलेलं पाकीट एप्रिल-मेच्या उन्हात शिजलेलं असतं, ते फेकून द्या. वीर्य बाहेर सोडलं की झालं, हा उपाय नाही. आधीच्या स्रावातही विषाणू असतो हे वर आलंच.

यापुढे तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट मला प्रेप वाटते. सीझनमध्ये तुमच्या नोकरीच्या ठिकाणी काय वातावरण असतं हे मी ओळखते, आणि 'यापुढे असं करणार नाही' या शपथेवर मी कुणाचाही उपचार बेतत नाही. निगेटिव्ह माणसाने एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची ही गोळी, तिच्यात टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबीन असतं. भारतीय कंपन्याच जगभर ती पुरवतात, त्यामुळे आपल्याकडे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते; नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, त्यावरची मार्गदर्शक तत्त्वंही २०२२ मध्ये आली आहेत. नीट घेतली तर संबंधांतून होणारा संसर्ग ९९ टक्क्यांच्या आसपास टळतो. नीट घेतली तर, यावर सगळं आहे. २०१० च्या पहिल्या मोठ्या अभ्यासात सरसकट फायदा ४४ टक्केच दिसला होता, तेव्हा लोक म्हणाले औषधात दम नाही. मग रक्तातलं औषध मोजलं, तर अनेकांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. ज्यांच्या रक्तात औषध होतं त्यांचं संरक्षण कितीतरी जास्त होतं.

सुरू करण्याआधी तीन तपासण्या लागतात: एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि हेपॅटायटिस बी. पहिली सर्वांत महत्त्वाची, कारण संसर्ग होऊन गेलेल्या माणसाने ही दोनच औषधं घेतली तर विषाणू त्यांना सरावतो. तुमच्या बाबतीत हणजुणची रात्र इतकी ताजी आहे की डॉक्टरशी बोलून, ताप-पुरळ काही नाही हे बघून, मगच सुरू करायचं आणि ४५ व्या दिवसाची चाचणी चुकवायची नाही. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस तपासायचं. पहिले काही दिवस मळमळ होते, मग जाते. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज घेत असाल तर आधी सांगा, मूत्रपिंडावर दोन्हीकडून ताण नको.

रोज गोळी घ्यायची नसेल तर पुरुषांसाठी दुसरी रीत आहे, २०१५ च्या फ्रेंच अभ्यासातून आलेली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलेली. संबंधाच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या एकदम, मग त्या वेळेपासून चोवीस तासांनी एक आणि अठ्ठेचाळीस तासांनी एक. संबंध दुसऱ्या दिवशीही झाले तर रोज एक चालू ठेवायची, शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस होईपर्यंत. ज्यांना हेपॅटायटिस बी आहे त्यांना ही रीत चालत नाही, औषध मधेच थांबलं की यकृताला झटका बसतो. आणि ज्याला संबंध कधी होणार याचा अंदाजच नसतो त्याच्यासाठीही ती नाही. शनिवारी रात्री दारू चढल्यावर दोन तास आधीची गोळी कुणाच्या लक्षात राहते? तुम्हाला मी रोजचीच सुचवेन. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनाची बातमी तुम्ही वाचली असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये त्याची शिफारस केली आहे, औषध उत्तम आहे. पण त्याची वाट बघत आजची गोळी पुढे ढकलू नका.

समलैंगिक पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अनेक पटींनी जास्त आहे हे खरं आहे. त्याचा चारित्र्याशी काही संबंध नाही. एकथरी अस्तर हे एक कारण. ओळखींचं जाळं लहान, म्हणून एकदा शिरलेला विषाणू त्याच जाळ्यात फिरत राहतो, हे दुसरं. आणि तिसरं मला ओपीडीत रोज दिसतं: लोक उशिरा येतात. चाचणी टाळलेला माणूस उपचारावर नसतो, आणि उपचारावर नसलेल्यांकडूनच बहुतेक नवे संसर्ग होतात. तुमच्या मित्राने हे चक्र स्वतःपुरतं तोडलं आहे.

राहिला लग्नाचा प्रश्न. हा वैद्यकीय प्रश्न नाही असं म्हणून मला सुटता येईल, पण लग्नानंतर सहा महिन्यांनी, गरोदरपणातल्या तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या बायका माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हा माझं मत उघड सांगते: घरच्यांना गप्प करण्यासाठी लग्न करू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी करू नका. घरी काय सांगायचं, किती आणि कधी, यासाठी वेळ घ्या. 'नोकरीत बस्तान बसू दे' हे कारण वर्ष-दोन वर्षं सहज पुरतं. आणि या सगळ्यात चाचणीची तारीख लग्नाच्या चर्चेवर अवलंबून ठेवू नका. बहुतेक सरकारी केंद्रं सकाळच्या वेळेत चालतात, तुमची ड्युटी दुपारची असेल तर या आठवड्यातला कुठलाही कामाचा दिवस चालेल. उपाशीपोटी जायची गरज नाही.